पुणे ते बेंगळुरू : बदलीपूर्वीचा घरगुती ताळेबंद

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही आपल्याकडील जुनी शिकवण. परंतु शहर बदलले की अंथरूणच बदलते. पुण्याहून बेंगळुरूस नोकरी वा बदलीनिमित्त जाणाऱ्या कुटुंबाने ते आधीच मोजून घेणे हिताचे ठरते.

या कामी ग्राहक किंमत निर्देशांक उपयोगी पडेल, असे अनेकांना वाटते. श्रम ब्यूरोच्या औद्योगिक कामगारांसाठीच्या निर्देशांकात 2016 हे वर्ष 100 मानलेले आहे, आणि प्रत्येक केंद्राचे हे 100 त्याच केंद्राच्या तेव्हाच्या किमतींवर आधारलेले आहेत. त्यामुळे एखाद्या शहरात महागाई किती वाढली हे त्यावरून कळते. दोहोंपैकी कोणते शहर महाग, हे मात्र कळत नाही. बँक कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ताही अखिल भारतीय निर्देशांकाशी निगडित असल्याने शहर बदलल्याने तो बदलत नाही. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यासाठीही पुणे व बेंगळुरू एकाच 'एक्स' वर्गात मोडतात. म्हणून हिशेब आपला आपणच मांडावयास हवा.

एक उदाहरण घेऊ. समजा, बेंगळुरूस हाती येणारे वेतन दरमहा 5,000 रुपयांनी वाढणार आहे. पुण्यात घरभाडे 22,000 रुपये आणि अनामत तीन महिन्यांची, म्हणजे 66,000 रुपये. बेंगळुरूस भाडे 25,000 रुपये आणि तेथील जुन्या प्रघाताप्रमाणे अनामत दहा महिन्यांची, म्हणजे 2,50,000 रुपये.

1. भाड्यातील वाढ : दरमहा 3,000 रुपये.
2. अनामतीपोटी जादा अडकलेल्या 1,84,000 रुपयांवरील बुडालेले व्याज, सहा टक्के दराने : दरमहा 920 रुपये.
3. घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे कापून घेण्याची तेथे प्रथा आहे. दोन वर्षांच्या वास्तव्यावर विभागल्यास : दरमहा सुमारे 1,042 रुपये.

एकूण 4,962 रुपये. पाच हजारांच्या वाढीतून उरतात अवघे 38 रुपये. सामान हलविण्याचा खर्च अद्याप निराळाच!

याखेरीज दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथे नव्याने नोंदणी करावी लागते व त्या राज्याचा कर भरावा लागतो. वारंवार बदली होणाऱ्या पात्र कर्मचाऱ्यांना नवे वाहन घेताना 2021 पासून उपलब्ध असलेल्या 'बीएच' मालिकेचा विचार करता येईल. दुसरी बाब पाण्याची. 2024 च्या उन्हाळ्यात बेंगळुरूने तीव्र टंचाई अनुभवली. घर पाहताना तेथे कावेरीचे पाणी येते की टँकरवर भिस्त आहे, आणि टँकरचा खर्च कोणाकडे, हे अवश्य विचारावे.

अनामतीची रक्कम, रंगकामाची अट आणि परताव्याची मुदत करारात लेखी असावी. वाटाघाटीने अनामत निम्मी झाली, तरी वरील हिशेबात दरमहा 625 रुपये वाचतात. बदलीचा निर्णय केवळ पैशांवर होत नाही, हे खरे. परंतु हिशेब आधी मांडलेला असला, तर नव्या शहरातील पहिले वर्ष ओढाताणीत जात नाही.