नैसर्गिक निवड शिकवताना : अळीला ‘सवय’ झाली की अळ्यांची ‘निवड’ झाली?

दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. लामार्क आणि डार्विन आले की जिराफाची मान येतेच. मुलं उत्तर पाठ करतात, गुणही मिळवतात. पण खरंच समजलं का, हे तपासायचं तर जिराफ सोडून मुलांच्या शेतात जावं लागतं.

आमच्या वर्गातली बरीच मुलं कापूस पिकवणाऱ्या घरातली. मी विचारलं, "बीटी कापसाला गुलाबी बोंडअळी लागत नव्हती, मग आता का लागते?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, अळीले औषधाची सवय झाली." सगळ्यांनी माना डोलावल्या. आदल्याच दिवशी डार्विन शिकलेला वर्ग लामार्कच्या बाजूला उभा होता!

गोंधळ कुठे होतो?

यात आपल्या बोलण्याचाही दोष आहे. "वाळवंटात राहण्यासाठी उंटाने स्वतःत बदल केले" असं आपणच सांगतो. त्या ‘साठी’मुळे प्राणी ठरवून बदलतो असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात बीटीचं विषारी प्रथिन खाऊन एखादी अळी मरते, एखादी वाचते. वाचणारीत तो गुण जन्मतःच असतो, जनुकातल्या अपघाती बदलामुळे. एकटी अळी बदलत नाही. पिढ्यांगणिक अशा अळ्यांचं प्रमाण वाढत जातं.

वर्गात करून पाहा

साहित्य : चवळी आणि राजमा. चवळी म्हणजे साधी अळी, राजमा म्हणजे विष पचवणारी.

१. बाकावर १८ चवळ्या आणि २ राजमे ठेवा.
२. ‘विष’ द्या : दर ६ चवळ्यांपैकी ५ उचला. राजम्याला हात लावू नका. उरले ३ आणि २.
३. पुन्हा २० होतील अशी प्रत्येकाची सारखी वाढ करा, म्हणजे चौपट. आता १२ चवळ्या, ८ राजमे.
४. पुन्हा विष द्या. उरले २ आणि ८. दुप्पट केल्यावर ४ चवळ्या, १६ राजमे.

दोनच हंगामांत २ चे १६ झाले. मग विचारा, "एकाही चवळीचा राजमा झाला का?" वर्ग क्षणभर गप्प होतो. पाठ तिथे समजतो.

खऱ्या शेतात काय झालं?

भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने मोठं नुकसान केलं. मुलांना हे वर्ष सांगावं लागत नाही, घरात त्याची आठवण असते.

बियाण्याच्या पाकिटासोबत नॉन-बीटीची छोटी पुडी यायची. "ती कशाला?" असं विचारल्यावर कुणालाच सांगता आलं नाही. बहुतेक घरांत ती पेरलीच नव्हती.

इथे मेंडेल मदतीला येतो. विष पचवण्याचा गुण बहुतांशी अप्रभावी. तो दिसायला दोन्ही जनुकं तशीच लागतात. नॉन-बीटीच्या ओळींत साधे पतंग जगतात, प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होतो आणि पिल्लांना एकच तसं जनुक मिळतं. अशी पिल्लं बीटीवर मरतात. म्हणजे त्या ओळी निवडीचा वेग कमी करतात. (आपल्या खेळात राजम्याचे राजमेच होतात, खरी आनुवंशिकता इतकी सरळ नाही, हे मुलांना जरूर सांगा.)

पालकांसाठी दोन शब्द

"उत्क्रांती शिकून शेतात काय उपयोग?" असं एका पालकांनी विचारलं होतं. सवय झाली असं मानलं, की जास्त फवारणी हाच उपाय सुचतो. निवड कळली, की तेच ते औषध पुन्हा पुन्हा मारलं तर काटक अळ्याच मागे राहतात हे लक्षात येतं. मग औषध बदलणं, फरदड न घेणं, नॉन-बीटीच्या ओळी लावणं यामागचं कारण पटतं. डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मनाने घेऊ नयेत, यामागेही हेच तत्त्व आहे.

गृहपाठ म्हणून मी एकच वाक्य दिलं : "अळीला औषधाची सवय झाली." डार्विनच्या भाषेत दुरुस्त करून लिहा. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने लिहून आणलं, "अळी बदलली नाही. ज्या मेल्या नाहीत त्यांचीच पिल्लं आता शेतात आहेत."

मी पूर्ण गुण दिले.