गुलाबाची कळी मिटलेलीच का राहते?

प्रश्न : वडगाव मावळला आमच्या अंगणातल्या गुलाबाला कळ्या भरपूर येतात, पण न उमलताच तपकिरी पडून सुकतात. काय करावे?

उत्तर : आधी एक कळी सोलून पाहा. बाहेरच्या पाकळ्या कागदासारख्या चिकटलेल्या आणि आतल्या निरोगी असतील, तर दोष पावसाचा. भिजलेल्या पाकळ्या वाळताना एकमेकींना चिकटतात. दाट पाकळ्यांच्या जातींत हे जास्त होते. मावळातल्या पॉलिहाऊसमधील गुलाब या पावसापासून वाचतो, अंगणातला नाही. कळीवर राखाडी बुरशी असेल, तर ती लगेच काढून जाळा.

पावसाळा सरल्यावरही त्रास राहिला, तर कळी पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट, पिवळसर किडे पडले तर ते फुलकिडे. निळे चिकट सापळे लावा. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल व थोडे साबणपाणी मिसळून संध्याकाळी फवारा.

झाडाला रोज पाच-सहा तास ऊन हवे. पाणी सकाळी, फक्त बुंध्याशी द्या. युरिया आवरा. ऑक्टोबरमध्ये बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर छाटणी करून मधली गर्दी काढा, म्हणजे वारा खेळेल.