गाडलेला कचरा कुठे जातो?

मुकुटबनच्या एका शेतकऱ्याने गुरुजींना विचारले, "गुरुजी, अणुवीज केंद्राचा कचरा लय विषारी असते म्हणतात. मंग तो समुद्राच्या तळाखाली गाडून टाकला तर काय बिघडते जी?"

गुरुजी म्हणाले, "दादा, विहिरीच्या काठाला आपण उकिरडा का करत नाही?"

"पावसाचं पाणी झिरपते, अन् घाण विहिरीत उतरते."

"तेच तर! समुद्राच्या तळाखालची मातीही ओलीच असते. नीट ऐका."

अणूपासून वीज करताना कचरा उरतो. त्यातून किरण निघतात. ते दिसत नाहीत. त्यांना वास नाही. पण त्यांनी कर्करोग होऊ शकतो. हा जोर आपोआप कमी होतो, पण सावकाश. या कचऱ्यातल्या सीझियमचा जोर 30 वर्षांत निम्मा होतो. प्लुटोनियमला त्यासाठी सुमारे 24,000 वर्षे लागतात.

कचरा पोलादी डब्यात भरून गाडला, तरी खारे पाणी डब्याला गंजवते. एक दिवस डबा फुटतो. विष मातीतल्या पाण्यात उतरते. चिकणमातीत पाणी फार हळू सरकते. सीझियम तर मातीला धरून बसते, जशी हळद कापडाला धरते. पण आयोडीन तसे चिकटत नाही. ते पाण्याबरोबर पुढे जाते. तळाला भेग असली, किंवा खणलेले भोक नीट बुजले नाही, तर वाट आणखी सोपी होते. विष समुद्रात आले की प्रवाह ते दूर नेतात. ते पातळ होते. पण थोडे शेवाळात जाते, शेवाळातून माशात, आणि माशातून माणसात.

1946 पासून काही देशांनी अशा कचऱ्याची पिंपे समुद्रात टाकली. 1993 साली अनेक देशांनी मिळून त्यावर बंदी घातली. जहाल कचरा तळाखाली गाडण्याचा अभ्यासही झाला. पण तसा तो कोणी गाडला नाही.

आपल्या राज्यात समुद्रकाठी तारापूर आहे. तिथे 1969 साली अणुवीज सुरू झाली. तिथे जहाल कचरा काचेच्या रसात मिसळून गोठवतात. काच पाण्यात सहज विरघळत नाही. ती पोलादी डब्यात बंद करून जमिनीखालच्या कोठारात ठेवतात. तिच्यावर नजर ठेवतात.

शेतकरी म्हणाला, "म्हणजे गाडलं की संपलं, असं नाही जी!"

"नाही, दादा. आपण गाडतो, पण राखण नातवंडांना करावी लागते."

विचार करा :
1. डबा कशाने गंजतो?
2. विष समुद्रातून माणसापर्यंत कसे येते?
3. तुमच्या विहिरीपासून उकिरडा किती दूर आहे?