कोंबडीच्या पिलांतील नर, मादी व जात यांची ओळख

खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेविली आणि दहा पिले निघाली, तर त्यांत सुमारे निम्मे नर असावयाचे, हा सर्वसाधारण नियम होय. एखाद्या वेळी सात निघतील, एखाद्या वेळी तीन. परंतु आठवड्याच्या बाजारात पाहावे तो विकणारा आपल्या डालग्यातील एकूण एक पिलास तलंग म्हणतो! आमच्या ओळखीच्या एका बाईने अशा सहा तलंगा घेतल्या. चार महिने आपल्या तोंडचे दाणे काढून त्यांस घातले, व अंड्यांच्या पैशावर मुलाच्या पुस्तकांचा हिशेब बांधिला. पुढे त्या सहांतील चौघे आरवू लागले. विकणारा लबाडच होता असे आम्ही म्हणत नाही. कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. यास्तव घेणाराने व विकणाराने, दोघांनीही, ही ओळख शिकून घेणे अगत्याचे आहे.

आरंभी काही खोट्या समजुती टाकून देऊ. टोकदार अंड्यातून नर व गोल अंड्यातून मादी निघते, असे पुष्कळ लोक सांगतात. त्यात तथ्य नाही. पिलू नर व्हावे की मादी, हे कोंबडीच्या पोटातच ठरून गेलेले असते, परंतु कवचाच्या आकारावरून ते कळत नाही. पिलास पाय धरून उलटे लोंबकळविणे व ते डोके वर उचलते की नाही हे पाहणे, ही परीक्षाही निरर्थक असून त्या मुक्या जिवास उगाच त्रास मात्र होतो. एका दिवसाच्या पिलाचे गुदद्वार तपासून लिंग सांगण्याची विद्या जपानी पंडितांनी 1920 नंतरच्या काही वर्षांत जगापुढे मांडिली, व ती खरी आहे. तथापि ती साधण्यास दीर्घ अभ्यास लागतो. नवशिक्याच्या बोटांनी पिलू दुखावते अथवा मरते. घरी तिच्या वाटेस जाऊ नये.

मग आपण काय पाहावे? तुरा पाहावा; परंतु एकच पिलू हाती धरून नव्हे. एकाच दिवशी निघालेली, एकाच जातीची पिले शेजारी शेजारी ठेवून पाहावी. पाच-सहा आठवड्यांच्या सुमारास नराचा तुरा मोठा व तांबूस दिसू लागतो, चोचीखालची कातडी लोंबू लागते, पाय जाड होतात. मादीचा तुरा त्या वेळी लहान व फिकट असतो. जड जातींत मादीस शेपटीची व पाठीची पिसे आधी फुटतात. नर बरेच दिवस उघड्या पाठीने हिंडतो. एवढ्यावरही संशय राहिला तर तीन महिने होईपर्यंत थांबावे. तेव्हा शेपटीच्या मुळाशी पाठीवर जी पिसे येतात ती नराची लांब, अरुंद व टोकाला अणकुचीदार, आणि मादीची रुंद व गोल टोकाची असतात. आमच्या मते सर्व खुणांत हीच खूण अधिक भरवशाची.

जातीपरत्वे मात्र ह्या खुणांत फरक पडतो, म्हणून जातही ओळखता आली पाहिजे. पांढऱ्या लेगहॉर्नची पिले पिवळी असतात. त्यांतील नराचा तुरा इतका लवकर वाढतो की चौथ्या आठवड्यातच पुष्कळदा भेद कळतो. थोराड झाल्यावर ह्या जातीच्या कानाची पाळी पांढरी दिसते. ऱ्होड आयलंड रेडची पाळी तांबडी व अंडे तपकिरी. पट्टेदार प्लिमथ रॉकची पिले काळी असून डोक्यावर पांढरा ठिपका असतो; नराचा ठिपका बहुधा मोठा व पसरट, मादीचा लहान व आटोपशीर. असील जातीत तुऱ्यावर विसंबून चालणार नाही, कारण त्यांचा तुरा मुळातच ठेंगणा; तेथे पाठीच्या पिसांची वाट पाहावी.

कडकनाथाविषयी विशेष सावध राहावे. ही मध्य प्रदेशातील झाबुआ प्रांताची जात. तेथील भिल्ल लोक ती पाळीत आले आहेत, व 2018 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून भाव चढले, आणि कोणतेही काळे पिलू त्या नावाने खपू लागले. काळी पिसे ही पुरेशी खूण नव्हे. चोच उघडून जीभ पाहावी, पायाची कातडी व तुरा पाहावा. कडकनाथात ह्या सर्वांवर काळसर छटा असते. आपल्या गावची साधी कोंबडी अनेक रक्तांची मिसळ असते; तिला देशी म्हणावे, उगाच मोठे नाव लावू नये.

येथे एक गोष्ट ओघाने सांगतो. क्वचित एखादी जुनी कोंबडी आरवू लागते आणि घरचे लोक अपशकुन म्हणून तिची मान मुरगळतात. कोंबडीच्या पोटात डाव्या बाजूचाच अंडाशय काम करितो. तो रोगाने बिघडला म्हणजे तिच्यात नराची लक्षणे उतरतात. यात भिण्याजोगे काही नाही, मात्र ती पुन्हा अंडी देईल अशी आशा फारशी धरू नये.

विकणाराने संशयित पिलांच्या पायास रंगीत दोरा सैल बांधून ती वेगळी ठेवावी, दर आठवड्यास दोरा पाहून पाय वाढला असल्यास बदलावा, आणि पिसे स्पष्ट होईपर्यंत त्यांचा भाव तलंगेचा सांगू नये. घेणारास घाई असेल तर निम्मे नर निघतील असे धरूनच पैसे द्यावे. आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. बाकीचे वाढवून सणासुदीच्या बाजारास विकावे.