पाण्याखालचे गाव

पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुका आहे. त्या तालुक्यात भीमेच्या काठी पळसदेव नावाचे जुने गाव होते. गावात पळसनाथाचे मोठे दगडी देऊळ. भोवती घरे, वाडे, मळे. "हे गाव एक दिवस बुडेल," असे त्या काळी कुणी म्हटले असते, तर लोक हसले असते. देऊळ शेकडो वर्षांचे! ते कुठे जाणार?

पण दिवस फिरले. खाली उजनी येथे भीमेवर धरण झाले. सन १९८० मध्ये ते पुरे झाले. पाणी मागे मागे पसरत आले. शेते गेली, घरे गेली, देऊळही गेले. लोकांनी बिऱ्हाडे हलवली आणि उंचावर नवे गाव वसवले. अशी आणखी पुष्कळ गावे पाण्यात गेली.

आता दैवाचा फेरा पाहा. ज्या पाण्याने एकाची जमीन बुडवली, त्याच पाण्याने दुसऱ्याच्या माळावर ऊस उभा केला. सोलापूर जिल्ह्यातल्या कोरड्या रानांत कालव्याचे पाणी खेळले. एकाचे गेले, म्हणून दुसऱ्याला मिळाले. ज्याला मिळाले, त्याने हे विसरू नये.

पण पाणी तरी कुठे कायमचे आहे? पाऊस दगा देतो, त्या साली उन्हाळ्यात धरण आटते. मग बुडालेले देऊळ पुन्हा वर येते. अशाच एका उन्हाळ्यात आम्ही ते पाहायला गेलो. एक म्हातारेबाबा चिखल तुडवीत आले होते. दगडांच्या एका ओळीशी ते थांबले. म्हणाले, "गुरुजी, ह्यो आमचा उंबरा. हितं माजी आई जात्यावर बसायची."

आम्ही काय बोलणार? गप्प राहिलो. थोड्या वेळाने बाबांनी डोळे पुसले. म्हणाले, "चला. घरी म्हशीची धार काढायचीय."

मंडळी, या बाबांकडून आपण शिकावे. चांगले दिवस आले म्हणून माजू नये, वाईट आले म्हणून खचू नये. गेले त्यासाठी डोळे पुसावेत, आणि हातातले काम करावे.

आणखी एक काम आम्ही तुम्हांला सांगतो. आता तुम्हांला लिहिता येते. तुमच्या गावची जुनी विहीर, पार, पाणंद, आजोबा-पणजोबांची नावे वहीत लिहून ठेवा. वहीही कायमची नाही, हे खरे. पण आपल्या आठवणीपेक्षा ती चार दिवस जास्त टिकते.