मराठी घेऊ की भूगोल?

प्रश्न : मी नुकतीच बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झाले. पदवीला मराठी आणि भूगोल दोन्ही शिकायची इच्छा आहे. घरचे म्हणतात, यांचा एकमेकांशी काय संबंध? एकच विषय धर. काय करू?
– एक विद्यार्थिनी, केज, जि. बीड

उत्तर : दोन्ही घे. घरच्यांची काळजी रास्त आहे, समज मात्र चुकीचा. महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’ मिळवून वाच. पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामी जिथे जिथे गेले त्या गावांची, देवळांची नोंद शेकडो वर्षांपूर्वी मराठीत झाली. भाषा आणि भूगोल तिथे वेगळे काढताच येत नाहीत. तुझ्या जवळचं अंबाजोगाई मुकुंदराज आणि दासोपंत या मराठी कवींचं. बालाघाटातल्या शिवारांची नावं, बंजारा तांड्यांवरची गोरबोली, ऊसतोडीसाठी होणारं स्थलांतर, यांचा अभ्यास दोन्ही विषय जाणणाऱ्यानेच करावा. स्कॉटलंडमध्ये गेलिक भाषा आणि भूगोल अशी जोडपदवीही घेता येते.

नव्या शैक्षणिक धोरणात एक विषय मेजर, दुसरा मायनर घेता येतो. तुझ्या कॉलेजात ही जोडी मिळते का, ते आधी विचार. मेजर मात्र विचारपूर्वक निवड, पुढे एम.ए.च्या प्रवेशाला मायनर पुरेल का, हे विद्यापीठाकडून पक्कं करून घे. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत मराठी साहित्य आणि भूगोल दोन्ही आहेत, निवडायचा एकच. भूगोलासोबत जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) शिकलीस तर नोकरीला उपयोग होईल.

फी भरण्याआधी विषयांची यादी घेऊन घरच्यांसोबत एकदा निवांत बस.