हिवाळ्यात एसीला प्लास्टिक गुंडाळू नका
आमचे सारसोळे खाडीकाठी. इथल्या हवेतच खार आहे. एका हिवाळ्यात एसी बंद म्हणून आम्ही घराबाहेरील युनिट प्लास्टिकने घट्ट बांधले. मार्चमध्ये सोडले तर तळाचा पत्रा गंजलेला, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी! दमट कापड प्लास्टिकमध्ये बांधले की बुरशी धरते, हे आम्हा कापडवाल्यांना ठाऊक, तरी चुकलो. कोंडलेला ओलावा आणि खार मिळून धातू खातात. युनिट मोकळ्या हवेसाठीच बनवलेले असते. म्हणून मेन स्विच बंद करून पट्ट्या गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, सुकू द्या. वर फक्त छोटे छप्पर असावे, बाजू मोकळ्या. आच्छादन असेल तर ते काढूनच एसी सुरू करा. नाहीतर कॉम्प्रेसर तापून मोठा खर्च येतो.